मत्स्यशोधक प्रतिध्वनियंत्र

पाण्यात ध्वनीचे अल्पकालिक स्पंद सोडून त्यांच्या परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून तळाची खोली आणि मधल्या पाण्यातील माशांचे अस्तित्व दाखविणारे यंत्र. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांत ‘फिश फाइंडर’ हेच नाव रूढ आहे. नाव मासा शोधण्याचे असले, तरी यंत्राला मासा कळत नाही. त्याला फक्त प्रतिध्वनी कळतो. आलेल्या प्रतिध्वनींपैकी कोणते पडद्यावर उमटू द्यावयाचे आणि कोणते गाळावयाचे, हे संवेदनक्षमतेची कळ फिरविणारा हात ठरवितो. या यंत्राचा इतिहास पुष्कळसा याच कळीचा इतिहास आहे. समुद्रावर वाढलेले हे यंत्र पुढे धरणांच्या जलाशयांतही पोहोचले. तेथे, उदा., सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव (जामोद) व संग्रामपूर या तालुक्यांना पाणी पुरविणाऱ्या वान जलाशयासारख्या ठिकाणी, त्याच्यापुढचा प्रश्नच उलटा होतो. त्याचा विचार शेवटी केला आहे.

कार्यपद्धती : नौकेच्या तळाशी बसविलेला ऊर्जापरिवर्तक विद्युत् स्पंदाचे ध्वनिस्पंदात रूपांतर करतो व परत आलेल्या क्षीण ध्वनीचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मी. असतो. तळ ३० मी. खोल असल्यास जाऊन-येऊन ६० मी. अंतर तोडण्यास ०·०४ सेकंद लागतो आणि या कालावधीवरूनच खोली ठरते. मासेमारीच्या यंत्रांत ५० व २०० किलोहर्ट्‌झ या दोन कंप्रता विशेष प्रचलित आहेत. ५० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३ सेंमी. असते, तो खोलवर जातो, पण त्याचा झोत साधारणपणे रुंद असतो. २०० किलोहर्ट्‌झची तरंगलांबी ७·५ मिमी. असल्यामुळे बारीक तपशील चांगला मिळतो, परंतु हा ध्वनी पाण्यात लवकर शोषला जातो.

पडद्यावरील चित्र हे पाण्याचा उभा छेद आहे असा सर्वसाधारण समज असतो व तो अर्धाच खरा आहे. चित्राचा उभा अक्ष खोलीचा असला, तरी आडवा अक्ष अंतराचा नसून काळाचा असतो. उजव्या कडेला आत्ताचा प्रतिध्वनी उमटतो आणि जुने प्रतिध्वनी डावीकडे सरकत जातात. झोत शंकूच्या आकाराचा असतो. मासा त्याच्या एका कडेने शिरतो तेव्हा नौकेपासून जरा लांब असतो, मध्यावर सर्वांत जवळ येतो आणि बाहेर पडताना पुन्हा लांब जातो. त्यामुळे पडद्यावर कमान उमटते. कमान लांब म्हणून मासा मोठा, असे अनुमान काढता येत नाही. नौका उभी असेल आणि खाली एखादा लहान मासा स्थिर असेल, तरी त्याची लांबलचक रेघ उमटते.

आरंभ : पाण्यातील ध्वनीचा वेग झां दानिएल कॉलादाँ आणि शार्ल स्तुर्म यांनी १८२६ मध्ये जिनीव्हा सरोवरात मोजला. एका नौकेवरून पाण्यात घंटा वाजविली जाई व त्याच क्षणी दारूचा भडका दाखविला जाई. दुसऱ्या नौकेवरील निरीक्षक भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजी. सेकंदाला १,४३५ मी. हे त्यांचे उत्तर आजही आदराने सांगितले जाते. प्रतिध्वनीचा उपयोग मात्र १९१२ साली ‘टायटॅनिक’ जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यानंतरच गंभीरपणे सुरू झाला. जर्मनीत आलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. अमेरिकेत रेजिनल्ड फेसेंडन यांनी १९१४ मध्ये सुमारे ३ किमी. अंतरावरील हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांझ्व्हँ यांनी क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या दाबविद्युत् गुणधर्माचा उपयोग करून श्राव्यातीत ध्वनीचा झोत निर्माण केला [→ सोनार व सोफार]. १९२५–२७ या काळात ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने द. अटलांटिक महासागराचा तळ प्रतिध्वनीने मोजला. शिसे बांधलेली दोरी वावांनी मोजत खोली घेण्याची शतकानुशतकांची रीत त्यानंतर मागे पडत गेली.

तळ मोजणाऱ्या या यंत्रांत तळाच्या वर अधूनमधून डाग उमटत. सर्वेक्षकांच्या दृष्टीने ते दोष होते. रॅलिए द्यू बाती यांनी १९२७ मध्ये न्यू फाउंडलंडजवळील अशा प्रतिध्वनींचा संबंध कॉड माशांच्या थव्यांशी जोडला. जपानमध्ये किमुरा यांनी १९२९ मध्ये मत्स्यतळ्यात ध्वनीने मासे ओळखण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९३० नंतरच्या दशकात रोनल्ड बॉल्स या ब्रिटिश नौकाप्रमुखाने हेरिंग मासळीच्या धंद्यात हे यंत्र स्वतःच्या नौकेवर वापरले आणि नोंदी ठेवल्या. नॉर्वेचे ओस्कार सुन यांनी लोफोतेन बेटांजवळच्या कॉडच्या थव्यांचे प्रतिध्वनिलेख १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या लेखांत कॉडचा थर एका ठरावीक खोलीवर सलग पट्ट्यासारखा दिसत होता. जो डाग काल पुसून टाकावासा वाटत होता, तोच आज पाहण्याचा विषय झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलाची जादा झालेली यंत्रे स्वस्तात उपलब्ध झाली. जपानच्या नागासाकी प्रांतातील कुचिनोत्सू येथे जहाजांच्या विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी अशा यंत्रात सुधारणा करून १९४८ मध्ये मासेमारीसाठी व्यवहारोपयोगी यंत्र तयार केले. अमेरिकेत कार्ल लोरेन्स यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ट्रँझिस्टरवर चालणारे, हातातून नेता येण्याजोगे हिरव्या पेटीचे यंत्र विकावयास आणले. त्यात फिरत्या चकतीवरील निऑनचा दिवा खोलीच्या आकड्यासमोर लुकलुके.

संवेदनक्षमता : परत येणारा प्रतिध्वनी अत्यंत दुर्बळ असतो व विवर्धकाने तो वाढवावा लागतो. किती वाढवावयाचा, ते ठरविणाऱ्या कळीला मच्छीमार ‘गेन’ म्हणतात. ती कमी ठेवल्यास पडदा स्वच्छ दिसतो, पण विरळ थवे व लहान मासे नाहीसे होतात. ती फार वाढविल्यास प्लवक, बुडबुडे, पंख्याचा खळखळाट, शेजारच्या नौकेचे स्पंद हे सर्व उमटू लागते आणि त्या गर्दीत मासा हरवतो. अनुभवी तांडेल प्रथम पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत कळ वाढवितो आणि मग किंचित मागे घेतो. उथळ पाण्यात आणखी एक खूण उपयोगी पडते. कठीण तळावरून परतलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठावर आपटून पुन्हा खाली जातो व त्याचा दुसरा प्रतिध्वनी दुप्पट खोलीवर उमटतो. तो स्पष्ट असल्यास तळ खडकाळ, तो अंधूक किंवा नाहीसा असल्यास तळ चिखलाचा. पडद्यावरील गोंधळ नौकेच्या स्वतःच्या एंजिनामुळे आहे काय, हे पाहण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्षणभर एंजिन बंद करणे.

पण एकच विवर्धन सर्व खोल्यांना पुरत नाही. अंतर दुप्पट झाले की एकट्या माशाच्या प्रतिध्वनीची तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर येते. झोताची सर्व रुंदी व्यापणाऱ्या दाट थव्याच्या बाबतीत मात्र ती चौथ्या हिश्श्यावरच येते. पाण्यातील शोषणाने होणारी घट त्याखेरीज. तेव्हा ५ मी.वरील एक लहान मासा ५० मी.वरील मोठ्या माशापेक्षा ठळक उमटावा, यात नवल नाही. यावर उपाय म्हणून स्पंद सोडल्याच्या क्षणापासून जसजसा काळ जाईल तसतसे विवर्धन आपोआप वाढविण्याची योजना करण्यात आली. तिला कालानुसारी विवर्धन म्हणतात. संशोधनाच्या यंत्रांत तिचे दोन नियम वापरतात : एक सुट्या माशांसाठी व दुसरा थव्यांसाठी. नियम चुकीचा निवडल्यास खोलीगणिक अंदाज बिघडत जातो.

दुसरी अडचण तळालगतच्या माशांची. एक सहस्रांश सेकंद टिकणारा स्पंद पाण्यात १·५ मी. लांबीचा असतो व त्यामुळे एकमेकांपासून ७५ सेंमी.हून कमी खोलीच्या फरकावरील दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. तळापासून हातभर उंचीवर असलेला मासा तळाच्याच रेघेत मिसळतो. त्यासाठी १९५० नंतरच्या दशकात ‘पांढऱ्या रेघे’ची युक्ती प्रचारात आली. प्रतिध्वनी अतितीव्र झाला, म्हणजेच तळ लागला, की लेखणी क्षणभर थांबे व तळाच्या वरच्या कडेखाली पांढरी पट्टी राही. तिच्या वर चिकटलेला काळा उंचवटा म्हणजे बहुधा मासळी. ही पट्टी कोठे सुरू व्हावी हेही पुन्हा संवेदनक्षमतेवरच अवलंबून असे. कळ चढती असेल तर दाट थव्याखालीही खोटी पांढरी रेघ येई.

पडदा : आरंभीच्या यंत्रांत फिरती लेखणी रासायनिक प्रक्रिया केलेल्या कागदावर खुणा करी. त्या कागदावर करड्या छटांचा पट अरुंद होता. मध्यम प्रतिध्वनी व तीव्र प्रतिध्वनी दोन्ही काळेच उमटत. मात्र कागदाचा गुण हा की, तो जपून ठेवता येई. तांडेल मागच्या आठवड्याची गुंडाळी उलगडून पाहू शकत असे. ऋण किरण नलिकेवर तळालगतचा भाग विस्तारून दाखविणारी जर्मन यंत्रे १९५० नंतरच्या दशकात आली, तर १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून रंगीत पडद्यांचा प्रसार झाला. सामान्यतः लाल रंग तीव्र, पिवळा-हिरवा मध्यम आणि निळा क्षीण प्रतिध्वनी दाखवितो. रंग माशाची जात सांगत नाही. कळ वाढविली की निळ्याचा हिरवा व हिरव्याचा लाल होतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. पुढे द्रव-स्फटिकी पडद्याच्या लहान यंत्रांत प्रतिध्वनींच्या जागी माशाचे छोटे चित्रच दाखविण्याची सोय आली. ती आकर्षक असली, तरी ते चित्र म्हणजे यंत्राने केलेला तर्क होय व फुगवट्याने वर येणारा वायूचा बुडबुडाही त्यात मासा होऊन बसतो. २०१० नंतरच्या यंत्रांत एकाच कंप्रतेऐवजी कंप्रतांचा पट्टा झाडणारे स्पंद वापरले जाऊ लागले व त्यामुळे जवळजवळचे मासे वेगळे दिसणे पुष्कळ सुधारले.

महाराष्ट्राचा किनारा : प्रतिध्वनी देण्यात माशाच्या मांसापेक्षा त्याच्या वाताशयाचा वाटा फार मोठा असतो, वाताशय असलेल्या माशांत परावर्तित ध्वनीचा सुमारे नऊ-दशांश भाग त्यातील वायूमुळे येतो. घोळ माशाचा वाताशय मोठा व जाड असतो. ‘भोत’ या नावाने तो सुकवून निर्यातीसाठी विकला जातो व माशाची किंमत बव्हंशी त्याच्यामुळेच ठरते. बाजारात जो अवयव महाग, तोच पाण्यात माशाला यंत्रापुढे उघडा पाडतो. याउलट पाणचट अंगाच्या बोंबिलाला वाताशय नसतो. सुरमई आणि मुशी यांनाही तो नसतो. कोळंबीचा प्रतिध्वनी तर फारच क्षीण असतो. तेव्हा पडदा रिकामा म्हणून पाणी रिकामे, असा निष्कर्ष महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर तरी धोक्याचा ठरतो. बोंबिलाची मुख्य मासेमारी डोल जाळ्याने होते. हे पिशवीसारखे जाळे खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात सोडतात. त्यात माशाचा पाठलाग नसतो, तर उधाण व भांग यांचा हिशेब असतो. साहजिकच या धंद्यात यंत्राला खोली पाहण्यापलीकडे फारसे काम उरत नाही.

यंत्राचा खरा प्रभाव पडला तो तारली आणि बांगडा यांच्या थव्यांवर. भारत सरकारने १९४६ मध्ये मुंबईस खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन केले व त्याच्यातून पुढे, १९८३ मध्ये, भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही मुंबईत मुख्यालय असलेली संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने कोचीन येथे सुरू झालेल्या पृष्ठस्तरीय मत्स्य प्रकल्पाने रत्नागिरीपासून तुतिकोरिनपर्यंतच्या किनाऱ्याची ध्वनिकीय पाहणी केली. त्याच्या ‘रास्ट्रेलिजर’ व ‘सार्डिनेला’ या नौकांची नावे बांगडा व तारली यांच्या शास्त्रीय प्रजातिनामांवरून दिली होती. अशा पाहणीत प्रतिध्वनींची बेरीज करणारे उपकरण वापरतात. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पडद्यावरील चित्रापेक्षा प्रतिध्वनींची एकूण ऊर्जा महत्त्वाची असते व तिच्यावरून माशांचे टनांतील वजन काढतात. येथे कळ चालकाच्या हाती ठेवून चालत नाही. विवर्धन ठरवून बंदिस्त करतात आणि तांबे किंवा टंगस्टन कार्बाइडचा प्रमाणित गोळा नौकेखाली तारेने टांगून त्याच्या ज्ञात प्रतिध्वनीशी यंत्र ताडून पाहतात. ही पद्धत १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पुस्तिकेच्या रूपाने सर्वमान्य झाली. तरीही अंदाजांतील तफावत मोठी राहते. ‘डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन’ या नौकेने १९७५–७६ मध्ये उत्तर अरबी समुद्राची पाहणी केली. तिच्या व नंतरच्या नोंदींवरून तेथील मध्यम खोलीवरच्या लहान माशांचा साठा १९८४ मध्ये सुमारे १० कोटी टन मानण्यात आला. हे मासे दिवसा खोल जातात व रात्री वर येतात. त्यांच्या थरालाच महायुद्धकाळात खोटा तळ समजले गेले होते. यांतील किती प्रतिध्वनी खरोखर माशांचे, हा प्रश्न अजून वादाचा आहे.

किनाऱ्यावर वाद निराळ्या कारणाने पेटला. रापणीच्या मासेमारीत थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहावी लागते व पाण्याचा बदललेला रंग आणि झडप घालणारे पक्षी यांवरून तो ओळखावा लागतो. प्रतिध्वनियंत्र व पर्ससीन जाळे असलेली यांत्रिक नौका तोच थवा किनाऱ्यापासून दूर गाठून घेरते. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी यांत्रिक नौकांविरुद्ध मोठे आंदोलन केले. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, पर्ससीन मासेमारीवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने कडक निर्बंध घातले गेले आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने तीव्र विजेच्या दिव्यांनी मासे गोळा करण्यास बंदी केली. जाळ्यांवर व दिव्यांवर नियम झाले, त्या मानाने प्रतिध्वनियंत्राला कोणी फारसा हात लावलेला नाही. खोली पाहण्यासाठी ते सुरक्षिततेचे साधन आहे आणि ते लहान नौकेवरही असावे, अशी निकड सर्वच पक्षांना वाटते.

अंतर्गत जलाशय : धरणाच्या पाण्यात परिस्थिती पालटते. बुडालेली झाडे व खुंट उभे प्रतिध्वनी देतात. पाण्याखालील पालापाचोळा कुजून निघणारे वायूचे बुडबुडे माशांसारखेच ठळक उमटतात. कटला, रोहू व मृगळ पकडणारे मच्छीमार मुख्यतः अडकणीच्या जाळ्यांवर आणि पाण्याच्या ओळखीवर विसंबतात. जलाशयांत हे तंत्र अधिक महत्त्वाचे ठरले ते गाळाच्या मोजणीत. नासिक येथे १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातील जलाशयांच्या गाळाचे सर्वेक्षण करते. या कामात नौकेवरील प्रतिध्वनिमापकाची जोड उपग्रहाधारित स्थाननिश्चितीला देतात व धरणाच्या मूळ नकाशाशी नवीन तळ ताडतात. मच्छीमार ज्या डागासाठी कळ वाढवितो, तोच डाग येथे दोष असतो. सर्वेक्षक कळ इतकी उतरवितो की मासे व बुडबुडे नाहीसे होऊन एकट्या तळाची रेघ उरावी. १९२० नंतरच्या दशकातील सर्वेक्षकाची दृष्टी अशी येथे पुन्हा आढळते.

सातपुड्यातील वान नदीवर वारी भैरवगडाजवळ बांधलेल्या हनुमान सागर जलाशयाच्या बाबतीत ही मोजणी केवळ अभियंत्यांच्या आस्थेचा विषय नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील जळगाव (जामोद) व संग्रामपूर या तालुक्यांचा पूर्णेकडील भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट असून मूत्रपिंडाच्या विकारांनी हा भाग अनेक वर्षे त्रस्त आहे. या दोन तालुक्यांसाठी असलेली १४० गावांची पाणीपुरवठा योजना वान जलाशयावर अवलंबून आहे. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारांवरून माती वाहून येते, तेव्हा धरणात पाणी किती मावते या प्रश्नाचे उत्तर तळाच्या रेघेत असते. ही रेघही एक नसते. मऊ गाळावर २०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी गाळाच्या वरच्या पृष्ठावरूनच परततो, तर ३० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. दोन रेघांमधील अंतरावरून नव्या गाळाच्या जाडीचा अंदाज येतो. अर्थात कळ जास्त चढविली तर दोन्ही रेघा वर सरकतात व गाळ फुगलेला दिसतो.

वेगाची चूक त्याहून सूक्ष्म. गोड्या पाण्यात २०° से. तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८२ मी. व ३०° से.ला सुमारे १,५०९ मी. असतो. यंत्र १,५०० मी.वर बांधलेले असले आणि पाणी ३०° से. तापलेले असले, तर ४० मी. खोलीच्या मापात सुमारे २४ सेंमी.चा फरक पडतो व तो जलाशयात कित्येक वर्षांत साचणाऱ्या गाळाइतका असू शकतो. म्हणून मोजणीच्या दिवशी सकाळी नौका संथ पाण्यात उभी करतात, एक धातूची सपाट पट्टी खुणा केलेल्या साखळीने ऊर्जापरिवर्तकाखाली ५ मी., १० मी. अशा ज्ञात खोल्यांवर सोडतात आणि पडद्यावरील आकडा साखळीच्या आकड्याशी जुळेपर्यंत वेग बदलून पाहतात. सायंकाळी काम संपल्यावर हीच तपासणी पुन्हा होते व दोन्हींच्या नोंदी सर्वेक्षणाच्या कागदपत्रांना जोडल्या जातात.